ताईच्या कमरेच्या उंचीची दांडी

ताईला मी एकदा वजनकाट्यासमोर उकिडवं बसवलं. काटा खालच्या किराणावाल्याकडून मागून आणला होता. तिच्या हातात लोखंडी पट्टी दिली आणि म्हटलं, "कंपनीत जमीन खरवडतेस ना, तशीच या काट्यावर दाब." ती हसायला लागली. "येड लागलं का गं बारके?" मी ओरडले, "दाब म्हणते ना!" तिनं दाबली. काट्यावरचा आकडा वर चढला आणि तिचं तोंड वाकडं झालं. मनगटातून कळ गेली होती. मी आकडा लिहून घेतला, मग तिला उठवायला हात दिला, कारण तिला आपल्या आपण उठता येत नव्हतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचा संसार फार टिकला नाही, माझा सुरूच झाला नाही, म्हणून दिघीत दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग करते. ताई चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून हाउसकीपिंगला होती. कंपनी गाड्यांसाठी रबराचे पार्ट बनवते. रबर दाबून साच्यात बसवणाऱ्या प्रेसच्या भोवती ऑइल, चिकट केमिकल आणि रबराचा चुरा सांडतो, तुडवला जातो, आणि वाळला की त्याचा असा पापुद्रा धरतो की झाडूला काय, पाण्यालाही दाद देत नाही. तो पट्टीनं खरवडायचा. बायका ओळीनं उकिडव्या बसतात, पदर खोचतात आणि खर्र खर्र करत मागं मागं सरकत जातात. शिफ्टभर. आमच्या भागात हातात झाडू असलेली प्रत्येक बाई मावशी असते. वीस वर्षांचं पोरगंही तिला मावशी म्हणतं आणि त्याच तोंडानं तिच्यावर खेकसतं.

त्या वर्षी ताईच्या गुडघ्यांनी अंग काढून घेतलं. सुपरवायझरनं तिला सगळ्यांसमोर ऐकवलं, "मावशी, बसायला जमत नसेल तर तसं सांगा, दुसरी बाई बघतो." घरी येऊन ती रडली नाही. भाकऱ्या थापता थापता सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मीच थयथयाट केला. आमच्या घरात राग माझ्या वाट्याला आला आणि सोसणं तिच्या. मी म्हटलं, "सोड की मग, बस घरी, मी आहे ना!" तर म्हणाली, "घरी बसून काय भिंती बघू? परकर-पोलक्यात होते तवापासून कामाला जाते मी. काम सुटलं तर मला करमायचं न्हाई गं." तिला घरी बसायची भीती वाटत होती, गुडघ्यांची नाही. मला ते तेव्हा नीट कळलं नाही, पण तिचं काम टिकलं पाहिजे एवढं कळलं. तिला उभ्यानं खरवडता आलं तर ते टिकणार होतं.

म्हणून तो काटा. बसलेल्या माणसाचं सगळं अंग मनगटातून पट्टीवर येतं. उभ्या माणसाचं येत नाही. नुसती लांब दांडी लावून पाहिली तर पट्टी पापुद्र्यावरून टणाटण उड्या मारत गेली. मग दोन चाकं लावली. चाकांच्या पुढं पट्टी आणि पट्टीच्या डोक्यावर, काट्यावर आला होता तेवढ्या वजनाचा, भंगारातला लोखंडाचा ठोकळा. जोर आता ठोकळा देणार, माणसानं फक्त ढकलायचं. दांडी खाली दाबली की पट्टी वर उचलली जाते आणि गाडा कुठंही नेता येतो, दांडी सैल सोडली की पट्टी जमिनीला टेकते. कागदावर झकास. प्रत्यक्षात पट्टी जरा उभी झाली की काँक्रीटमध्ये रुतून बसायची आणि दांडी पोटात यायची, जरा आडवी केली की नुसती घसरत जायची. मधला कोन सापडेपर्यंत माझ्या पोटावर चांगले काळेनिळे डाग उठले. वर्कशॉपचे शेठ येता-जाता म्हणायचे, "मॅडम, गाडा करताय का भाजीचा?" पण भंगार त्यांनीच वापरू दिलं, वेल्डिंगही त्यांनीच करून दिलं. माणूस मनानं चांगला. तेच तर वाईट, रागवायला कुणी सापडत नाही.

भोसरीत एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी सगळा पट्टा मुका असतो. ताईची सुट्टीही गुरुवारचीच, म्हणून मी तिला वर्कशॉपवर नेलं. मागच्या बाजूला कित्येक वर्षांचा ग्रीस आणि रंगाचा थर होता. तिला उभी केली, तिच्या बेंबीपाशी टेप लावली आणि त्या उंचीला दांडी कापली. ताई बुटकी आहे, बाजारातल्या कुठल्याच वस्तूची दांडी तिला कधी बेताची मिळाली नव्हती. ही मिळाली. तिनं गाडा ढकलला आणि थराची लांबच लांब साल निघाली, दुधावरची साय निघावी तशी. ती थांबली, मागं वळून पाहिलं, पुन्हा ढकललं. "अगं बया!" म्हणाली. मग थांबेचना. साऱ्या मागच्या बाजूची जमीन तिनं काढली, ताठ उभी राहून, बोलत बोलत. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, आणि त्यानंतर तर नाहीच.

तिथंच ते ताईच्या हाती द्यायला हवं होतं, उघडं, गंजकं, जसं होतं तसं. पण आमच्या धंद्याची एक रीत आहे. शेठचं वाक्यच आहे, "रंग नाही, पाटी नाही, तो माल नाही, भंगार आहे." रंग मारल्याशिवाय आणि नावाची पाटी ठोकल्याशिवाय आमच्या दारातून साधा स्टूलसुद्धा बाहेर जात नाही. ताईलाही तेच हवं होतं. "पिवळा मार," म्हणाली, "तिथली सगळी मशिनं पिवळी हायेत. आन् पाटी लाव. बायकांना दावते, माझ्या बारकीनं केलंय म्हणून." तर पिवळा रंग मारला, चाकांना काळा. ॲल्युमिनियमची पाटी खोदली: फ्लोअर स्क्रॅपिंग मशीन, मॉडेल एक. मशीन कसलं, डोंबल. मोटर नाही, वायर नाही, हातानं ढकलायचा गाडा. पण पाटीवर आम्ही नेहमी तेच लिहितो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेठनी ते टेम्पोतून ताईच्या कंपनीत सॅम्पल म्हणून पाठवलं. गेटवर पाटी वाचली गेली, स्टोअरमध्ये मशीन म्हणून नोंद झाली. आणि मशीन म्हटलं की ऑपरेटर आला. ऑपरेटर ट्रेनिंग घेतलेला हवा, बूट-हेल्मेटवाला हवा. हाउसकीपिंगच्या बाईनं मशीनला हात लावायचा नाही, हा तिथला नियमच आहे, आणि तो प्रेसमध्ये कुणाचा हात जाऊ नये म्हणून केलेला, चांगला नियम आहे. लाईनवरच्या एका तरण्याताठ्या पोराला ते दिलं. आयत्या बिळावर नागोबा. ताई म्हणाली, "अवो, माझ्या बहिनीनं माझ्यासाठी केलंय त्ये." लोक हसले.

मी सुपरवायझरला फोन लावला. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पहिल्याच वाक्याला चढला.

"अहो, साधा गाडा आहे तो! माझी बहीण चालवते व्यवस्थित."

"मॅडम, मशीन आहे ना? तुम्हीच लिहिलंय की पाटीवर."

"मग पाटी काढा! मी येऊन काढते."

"आता काढून काय उपयोग? सेफ्टीवाल्यांनी पाहिलं. उद्या मावशीला काही झालं तर माझी नोकरी जाईल." मग जरा नरमाईनं म्हणाला, "पण वस्तू एक नंबर केलीय हां तुम्ही."

मला त्या क्षणी फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ताई समोर बसून तांदूळ निवडत होती. "जाऊ दे," म्हणाली. तिचं जाऊ दे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

पोरगं वाईट नव्हतं. उंच होतं, म्हणून दांडी त्याला कमी पडायची, कंबर धरायची. त्यानं तक्रार केली आणि मेंटेनन्सवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दांडीला वरून पाइप जोडून दिला. इतक्या वर्षांत ताईच्या कमरेसाठी तिथं कुणी काही जोडलं नव्हतं. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. मला मात्र त्या पाइपचा जितका राग आला तितका कशाचाच आला नाही.

मोकळ्या पॅसेजमधला सगळा पापुद्रा तो एकटा काढू लागला. बायका कमी केल्या. ज्यांना काढलं त्या ताईशी बोलेनाशा झाल्या. त्यांची चूक नव्हती, तो गाडा हिच्याच घरून आला होता. ताईला ठेवलं. म्हणजे उपकारच केले म्हणायचे, "मावशीनं मशीन आणून दिलं" म्हणून. आता गाडा जिथं जात नाही तिथं तिनं जायचं. दोन प्रेसच्या मधल्या फटी, खांबांच्या मागचे कोपरे, पाइपांच्या खालची जागा. पूर्वी पॅसेजमध्ये खरवडताना निदान एक पाय लांब करता यायचा, शेजारणीशी दोन शब्द व्हायचे. आता फक्त अडचणीची जागा, एकटीनं, गुडघे छातीला लावून. उभं राहता यावं म्हणून मी जे केलं, त्यानं तिचं होतं नव्हतं तेवढं सुखाचं काम गेलं आणि बसायचं तेवढं उरलं. आगीतून फुफाट्यात. आणि फुफाटा माझ्या हातचा.

रात्री मी तिच्या गुडघ्यांना तेल लावायची. एकदा मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं." ती म्हणाली, "तुझं काय चुकलं? वस्तू तर चांगली चालती." तिला खरंच अभिमान होता. जेवणाच्या सुट्टीत ती म्हणे त्या गाड्याजवळ जाऊन उभी राहायची. हात लावायची नाही.

मग एके दिवशी दोन प्रेसच्या फटीत ती बसली ती उठेना. एक गुडघा असा अडकला की पुढं ना मागं. हाका मारल्या, प्रेसच्या आवाजात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. शिफ्ट सुटायच्या वेळेला कुणाला तरी तिचा पदर दिसला. काखेत हात घालून ओढून काढलं, तोवर तिला कपड्यातच झालं होतं. सुपरवायझर आला, पाहिलं, तोंड फिरवलं. लाज त्यालाही वाटली असणार. म्हणाला, "मावशी, उद्यापासून नका येऊ."

त्याला आता बरेच महिने झाले. ताई खिडकीपाशी खुर्चीवर असते. लसूण सोलते, मोबाईलवर काहीबाही बघते, दुपारी झोपते. बोलणं कमी झालंय. खिडकीतून लष्कराची मोकळी जमीन दिसते, तिकडं बघत राहते. मी कामावरून आल्यावर विचारते, "जेवलीस का?" तर आधी थोडा वेळ माझ्याकडे नुसती पाहते.

गेल्या आठवड्यात वर्कशॉपवर शेठनी पेढे वाटले. त्या कंपनीची ऑर्डर आली, तिच्या दुसऱ्या प्लांटचीही. पिवळे गाडे हवेत, दांडी लांब हवी. आणि एक नवीन, अरुंद, फटीत आणि कोपऱ्यात शिरणारा. "मॅडम, तुमच्याच हातचं डिझाइन," शेठ म्हणाले. मी पेढा हातात धरून उभी राहिले. नाही म्हणावंसं वाटलं. मी नाही म्हटलं तर शेजारचा गाळेवाला करून देणार होता, हेही कळत होतं. कंपनीकडून फटीचं माप मागवलं होतं, ते काही आलं नव्हतं.

घरी येऊन ताईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिनं माझं तोंड पाहिलं. "काय झालं?" मी सांगून टाकलं. ती म्हणाली, "अरुंद म्हणजे किती?"

"माप नाही आलं अजून."

तिनं मांडीवरची लसणाची ताटली बाजूला ठेवली. दोन्ही हात पुढं केले, तळवे समोरासमोर, आपल्या खांद्यांच्या रुंदीहून जरासेच बाहेर. "एवढी असती जागा," म्हणाली. "जास्त न्हाई."

मी पर्समधून टेप काढली. माझं कामच आहे ते, हात आपोआप गेला. एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत टेप ताणली. टेपचं टोक तळव्यावरून निसटत होतं, आकडा एका जागी ठरेना.

"बारके," ती म्हणाली, "हे आलं की मग तिथल्या बाया?"

"नाही राहणार," मी म्हटलं. "कुणीच नाही राहणार."

तिनं मान हलवली. हात मात्र तसेच धरून ठेवले.

"नीट मोज," म्हणाली.