गोल पेशींना फांद्या फुटल्या तेव्हा

शालन गेल्याचा फोन दहिवडीहून तिच्या भावाने केला. "ताई, आक्का गेली... झोपंतच," एवढंच त्याला बोलता आलं. त्याला आता महिना होईल. सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही दोघी प्राणिशास्त्र शिकवायचो, एकाच प्रयोगशाळेत बसायचो. पण तिची आठवण आली की समोर येते ती एकच दुपार.

माण तालुक्यातल्या मेंढपाळाची ही लेक कातडीतल्या पहारेकरी पेशींच्या मागे लागली होती. या पेशींना झाडासारख्या फांद्या असतात. शिरलेल्या जंतूचा तुकडा उचलून त्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या लढणाऱ्या पेशींना शत्रूची ओळख पटवतात. हाडांच्या मज्जेतून त्या तयार होऊनच निघतात, की कोवळ्या निघून कातडीत आल्यावर घडतात? उंदरांत हा प्रश्न इतरांनी तपासला होता. शालनला ते आपल्या मेंढ्यांत बघायचं होतं. आमचे विभागप्रमुख म्हणायचे, "तयारच येत असणार. वेळ घालवू नका." शेवटी त्यांनी प्रकल्प बंद करायची तारीखच दिली.

ती भांडली नाही. भाऊ मेंढ्यांच्या कानाला बिल्ले लावायचा, तेव्हा निघणारे कातडीचे तुकडे ती बर्फात घालून आणायची, काचेच्या बशीत पोषक द्रवात जिवंत ठेवायची. मेंढ्यांच्या रक्तातल्या गोल, कोवळ्या पेशींना चमकता रंग देऊन त्यावर सोडायची. कितीदा तरी सगळं मेलं... मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र तिने मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाकडे ओढत नेलं. "बघ तर!"

कातडी नसलेल्या बशीतल्या पेशी गोलच होत्या. कातडीवरच्या पेशींना फांद्या फुटल्या होत्या. एकीच्या तर दोन होत होत्या. तिने विभागप्रमुखांनाही बोलावलं. ते भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग उठले. "बाई, मी चुकलो. काम चालू ठेवा."

शालनने तिथूनच घरी फोन लावला. "आये, त्या हितं येऊनच घडत्यात गं!"

"मग गं?" म्हातारी आम्हालाही ऐकू येईल अशा ठणठणीत आवाजात म्हणाली. "आपली माणसं मुंबईला जाऊनच गवंडी झाली न्हवं?"

विभागप्रमुखसुद्धा खदखदून हसले. शालन तर डोळे पुसत हसत होती.

परवा तिच्या टेबलाशी गेले. ती बुटकी, त्यामुळे सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल पार वरपर्यंत फिरवून ठेवलेलं. मी उंच, भिंगाला डोळा लावायला मला चांगलंच वाकावं लागलं. तशीच बघत बसले. स्टूल काही खाली केलं नाही.