टाच टेकणारी गाडी

तामसीकडच्या आठ-दहा गावांत एक काळ असा होता, की बैल घ्यायचा तर आधी बापूजींच्या दारात यायचं. पैसे ज्याचे त्याचे, पण डोळा बापूजींचा. ते बाजारात शिरले की हेडी लोकांची, म्हणजे बैलांच्या दलालांची, तोंडं कडू व्हायची. रंगवलेली शिंगं, तेल चोपडून चमकवलेली पाठ, सगळी सोंगं या माणसापुढं उघडी पडायची. बापूजी दात पाहायचे, खूर पाहायचे, अंगावरचे भोवरे पाहायचे, बैलाला दहा पावलं चालवायचे आणि मग एकच शब्द बोलायचे. 'घे', नाहीतर 'राहू दे'. 'काऊन?' असं विचारायची कोणाची टाप नव्हती.

आता ट्रॅक्टर आले. गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. अडुसष्टाव्या वर्षी बापूजींना कोणी काही विचारत नाही, आणि न विचारलेला जाणता माणूस घरात किती चिडचिड करतो, ते त्यांच्या बायकोला, जयवंताबाईंना विचारा. चहात साखर कमी. दाराची कडी ढिली. टीव्हीचा आवाज मोठा. पण सून समोर आली की हाच माणूस मऊ. आणि चार वर्षांची नात नेहा आली की मग तर विचारूच नका. ती पोरगी रोज सकाळी उठून आजोबाच्या पोटावर बसायची आणि त्यांच्या कानातले केस ओढायची. बापूजी ओरडायचे, पण एक दिवस ती आली नाही तर स्वतःच जाऊन तिच्याजवळ कान करायचे.

सून रुपा तलमडुगु मंडळातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर नर्स होती. मुलगा प्रवीण लॉरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. रुपा सकाळी गावातून बस धरून आदिलाबादला जायची, तिथून दुसरी बस, मग दोन मैल पायी. तेलंगणात बायांना बसचं तिकीट लागत नाही हे खरं, पण वेळेवर न येणारी बस फुकट मिळाली म्हणून काय तिला ओवाळायचं? नऊची ड्यूटी, आणि रुपा पोचायची साडेदहाला. लस द्यायला आलेल्या बाया तोपर्यंत लेकरं मांडीवर घेऊन ताटकळायच्या. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांभाळून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "एक तारखेपासून नऊ म्हणजे नऊ. नाहीतर इथंच खोली करून राहा." रागावून नाही म्हणाल्या. त्यामुळेच रुपाला ते जास्त लागलं.

घरी येऊन तिनं सांगून टाकलं. "मामाजी, तलमडुगुले खोली पाह्यली मी. नेहाले घेऊन जाते. सुट्टीले येत जाऊ."

बापूजी उठून गोठ्याकडे गेले. गोठ्यात आता एकच म्हैस होती, तिला वैरण टाकली. तिच्यापुढं आधीच वैरण होती.

तोडगा सुचवला तो शेजारच्या पंढरीनं. पंढरी वायरमन, चाळिशीतला, जगाच्या भानगडीत नाक खुपसणारा, पण मनानं सरळ. तो म्हणाला, "काका, तिले गाडी घेऊन द्या ना बाप्पा! आडरस्त्यानं पाऊण तासात पोचते."

"स्कूटी?"

"स्कूटी नाई. आपल्या काळ्या मातीत ते बारकं चाक चिखलानं गच्च भरते न् उभंच राह्यते. लहान मोटरसायकल पाहा. सेकंडहँड. बजेटात बसन."

रुपा शाळेत असताना सायकल चालवायची, तेवढंच. पंढरीनं आपल्या गाडीवर रिकाम्या वावरात तिला क्लच न् गेअर शिकवले. पंढरी मागून धरायचा, बापूजी बाजूनं पळायचे आणि स्वतःला काही येत नसताना "सोड! नको सोडू! अवो, दाब!" असं शिकवायचे. रुपा कम्प्युटरवरची परीक्षा पास होऊन लर्निंगचं लायसन्स घेऊन आली, तेव्हा बापूजींनी ते अर्ध्या गावाला दाखवलं.

आता गाडी कोण पाहणार? प्रवीण फोनवर सांगू लागला, पंढरी सांगू लागला. बापूजींनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "मी पाह्यतो," ते म्हणाले. जयवंताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण किती वर्षांनी हा माणूस सकाळी सातला अंघोळ करून तयार बसला होता, म्हणून बिचाऱ्या गप्प राहिल्या.

आदिलाबादच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात तीस-पस्तीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या. रुपा आणि पंढरीला मागं ठेवून बापूजी ओळीतून फिरले. टायर दाबून पाहिले, टाकी थोपटली, एकीच्या मागं जाऊन बराच वेळ पाहत राहिले. दुकानदार हसून म्हणाला, "चाचा, ये बैल नहीं है, लात नहीं मारेगा." बापूजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कापड घेऊन आरसे पुसायला लागला.

शेवटी ते एका गाडीपाशी थबकले. काळीभोर, उंच, छाती भरलेली, टाकी अशी की वशिंडच. पंढरीनं चालू केली तर तिचा आवाज पोटात घुमला. बापूजींचे डोळे चमकले. "घे," ते म्हणाले. प्रवीणलाही फोनवर तीच पसंत पडली. रुपानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान हलवली. त्या तोंडावरचं हसू मोडायचं तिच्या जिवावर आलं.

पण बापूजी शेवटी बापूजीच. बैलाचा रिवाज त्यांनी गाडीलाही लावला. बैल घेताना इसार देऊन चार दिवस जुंपून पाहायचा, नाही जमला तर वापस. दुकानदार म्हणाला, असं कोणी देत नाही. बापूजी त्याच्या दारात स्टुलावर बसले आणि गिऱ्हाइकांना गाड्यांचे खूर समजावून सांगायला लागले. तासाभरात दुकानदारानं हात जोडले. "ले जाओ चाचा, चार दिन."

तिसऱ्या दिवशी रुपा पडली. मारुतीच्या पारासमोर, साऱ्या गावादेखत. वेग काहीच नव्हता. समोर शेळी आली, तिनं ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि पाय टेकवायला गेली तर खाली जमीनच लागेना. नुसती बोटं टेकली. त्या बोटांवर तेवढं धूड कुठं पेलतं? गाडी हळूच कलली आणि तिला घेऊन आडवी झाली. पारावरचे दोघं-तिघं हसले. बापूजी धावले, पंढरी धावला, दोघांना मिळून ती गाडी उचलावी लागली.

कोपर सोललं होतं. पण रुपा रडली ती कोपरासाठी नाही. मातीतच बसून ती म्हणाली, "राहू द्या मामाजी. मले नाई जमत. मी खोलीच करते."

'राहू दे' हा शब्द बापूजींनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवला होता. आपल्याला कोणी ऐकवला की कसं लागतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

दुपारी रुपा आत पेटीत कपडे भरत होती, आणि नेहा तिच्या मागं मागं फिरून विचारत होती, "आबाचे पण कपडे भरून राह्यली का?" ओसरीवर बापूजी बसले होते. ते ऐकून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. जयवंताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप मांडीवर टेकवलं.

"एक विचारू? रागावान तर नाई?"

"बोल."

"तुमी बैल पाहाले जायचे, तवा आधी काय करत होते?"

"काय करत होतो?"

"आधी त्या माणसाच्या घरी जाऊन बसत होते. त्याचं वावर पाहात होते, त्याचा हात पाहात होते. म्हाताऱ्याले तापट बैल देत नव्हते, नवख्याले नवा देत नव्हते. मंग बाजारात पाय टाकत होते. या वक्ती गाडी पाह्यली तुमी, तिची छाती पाह्यली, आवाज पाह्यला. पोरीकडं पाह्यलं का? केवढीशी हाय ते! तुमच्या खांद्याले तर लागते."

बापूजींना वाटलं, कोणीतरी भर बाजारात आपल्या थोबाडीत दिली. आणि दिली ते बरंच केलं. चाळीस वर्षं जे शहाणपण लोकांत फुकट वाटत फिरलो, ते घरच्या पोरीच्या वेळेस नेमकं विसरलो, का, तर लोकांनी पुन्हा म्हणावं, बापूजींनी काय गाडी पाहिली! लाज वाटली त्यांना. भयंकर लाज वाटली.

ते उठून आतल्या दारात गेले. सासरा सुनेच्या खोलीत जात नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "रुपा, माय, चुकलं माह्यं," ते म्हणाले. "उद्या एक डाव माह्यासंगं चाल. उद्या नाई जमलं, तर मीच तुह्या खोलीवर सामान नेऊन देतो."

रुपानं हातातली साडी तशीच धरली. या घरात येऊन सहा वर्षं झाली होती, या माणसाच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द तिनं ऐकला नव्हता. सासूनंही ऐकला नसावा, कारण ओसरीवर सूप खाली पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं त्यांना येताना पाहिलं आणि देवाचं नाव घेतलं. काळी गाडी वापस झाली. या वेळी बापूजींनी गाड्यांकडे पाहिलंच नाही. ते दुकानासमोर मातीत उकिडवे बसले. "बस एकेकीवर," ते रुपाला म्हणाले, आणि त्यांची नजर तिच्या पायांवर. एक गाडी, बोटं टेकली. "उतर." दुसरी, चवडे टेकले. "उतर." चार झाल्या, सहा झाल्या. येणारे-जाणारे थांबून पाहायला लागले, एक म्हातारा सुनेच्या टाचांकडे डोळे लावून बसलेला. बापूजींना त्याचं काही नव्हतं.

"वो पीछे कौन सी है?" त्यांनी विचारलं. भिंतीला टेकवून एक लाल गाडी ठेवली होती. रंग उडालेला, सीटला चिकटपट्टी, टाकीला पोचा. शंभर सीसीची. दुकानदार म्हणाला, दहा वर्षं एका मास्तरनं शाळेत जायला वापरली, इंजन चांगलं आहे, पण ती तुम्हाला काय दाखवू, दिसायला अगदीच गरीब.

रुपा बसली. दोन्ही टाचा मातीत टेकल्या, अशा की खाली दोन ठसे उमटले.

बापूजींच्या तोंडावर 'घे' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "तुले कशी वाट्टे?" त्यांनी विचारलं.

रुपा थोडी गोंधळली. मग खाली उतरून तिनं गाडी एकटीनं ढकलली, मागं घेतली, वळवली, मुद्दाम कलती केली आणि पडू न देता सावरली. मागच्या गल्लीत दोन चकरा मारून आली. घामानं निथळत होती. "मामाजी, हे माह्यं ऐकते," ती म्हणाली.

"मंग हेच." बापूजींनी दुपट्टा काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि दुपट्ट्याखाली त्याची बोटं धरली. बैलाचा सौदा असाच होतो, बोटं दाबून, कोणाला ऐकू न जाता. दुकानदार घाबरून हात सोडवायला लागला. रुपाला हसू आवरेना. तिनं तेलुगूत त्याला समजावलं, तोही हसायला लागला, आणि काळीच्या निम्म्यालाही सौदा पोचला नाही.

मग आठ दिवस वावरात, पांदणीत, आडरस्त्यावर सराव. पंढरीनं पुढं लाल 'एल' चिकटवला. प्रवीणनं हेल्मेट पाठवलं. रुपा दोनदा पडता पडता वाचली. दोन्ही वेळा टाचा टेकल्या, ती उभी राहिली आणि पुन्हा निघाली.

एक तारखेला ती सव्वाआठला निघाली. त्या दिवशी बापूजींनी चहा परत केला नाही की कडीला शिव्या घातल्या नाहीत. जेवणही अर्धं टाकलं. नऊच्या ठोक्याला फोन आला, 'पोचली'. तरी या माणसाचा जीव थाऱ्यावर येईना. जाणं झालं, यायचं बाकी होतं. ती पाचला सुटणार, आणि हे चार वाजताच दोन मैल चालत, आडरस्ता गावच्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर जाऊन बसले.

पावणेसहाला आडरस्त्यानं ती दिसली. हेल्मेट, अंगावर नर्सचा पांढरा कोट, पाठ ताठ, हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलेलं. बापूजी उठले, हात वर केला. रुपानं मानही वळवली नाही. समोर पाहूनच ओरडली, "मामाजी, हात नाई सोडता येत अजून! मी घरी जाऊन राह्यली!" आणि लाल गाडी गावाकडे वळून निघून गेली.

बापूजी तिथंच उभे राहून मोठ्यानं हसले. हसता हसता डोळे भरले, ते दुपट्ट्यानं पुसले, फाट्यावरच्या टपरीत भेटेल त्याला तासभर सुनेच्या गाडीचं कौतुक सांगितलं, आणि मग चालायला लागले. म्हटलं होतं सुनेच्या मागं बसून ऐटीत गावात शिरू. आता दोन मैल पायीच जायचं होतं.

अर्ध्या वाटेवर मागून आदिलाबादची बस आली. याच बसनं रुपा इतके दिवस यायची, कधी सात, कधी साडेसात. कंडक्टरीणबाई ओळखीची. तिनं घंटी मारून बस थांबवली, बापूजींना वर घेतलं आणि रिकाम्या सीटकडे बोट केलं. "बाबा, तुमची सून नाही आली आज? तिकडंच राह्यली का?"

"नाई," बापूजी बसत म्हणाले. "घरी हाय."