काठाचा टाका

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी शेजारच्या मावशींचं विणकाम बघत बसते. त्यांची क्रोशाची सुई चांगली हातभर लांब आहे. जाताना ओळीतले सगळे टाके सुईवर घ्यायचे आणि येताना एकेक सोडत परतायचं. याला ट्युनिशियन क्रोशा म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं.

विणतायत मफलर, पण सुरुवातीला वीतभर रुंद असलेला तो पुढे निमुळता होत गेलाय. पॅरालिसिसनंतर त्यांच्या डाव्या अंगठ्याला स्पर्शच कळत नव्हता. ओळीचा शेवटचा टाका नेमका त्याच अंगठ्याखाली दडायचा आणि राहून जायचा. अलीकडे विणलेल्या चार बोटं पट्टीत मात्र काठ सरळ आलाय.

"उसवून पुन्हा का नाही विणत?" मी न राहवून विचारलं.

"उसवलं तर हात सुधारलाय हे दिसणार कुठे?"

खांदा दुखतो हे मी घरात रोज ऐकवते. महिन्यापूर्वी मला वेणी घालता येत नव्हती आणि आज मी स्वतः घालून आले, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं तर माझ्याही ते आत्ताच लक्षात आलं.

आतून मावशींना हाक आली. दाराकडे बघतच त्या ओळ पुरी करत होत्या. काठाशी अंगठा थबकला, जरा चाचपडला, बाजूला सरकला. मग खाली न बघताच त्यांनी शेवटचा टाका सुईवर घेतला.