दोषाचा रकाना

मुरलीदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडमध्ये एका केमिकलच्या दुकानात उभा होतो. समोर हायपोचं पाकीट होतं. धुतलेली फिल्म ज्या रसायनात पक्की करतात, ते हे. ‘उद्या आणतो’ असं दादांना सांगून अठरा दिवस झाले होते. लग्नसराई होती, माझा स्टुडिओ जोरात चालला होता, आणि दादांचं गाव चौसाळा काही लांब नाही, कधीही जाता येईल... ते पाकीट घेऊनच मी त्यांच्या दारात पोचलो. त्याला आता दीड महिना झाला.

मुरलीदादा माझे आत्येभाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. फोटोचं काम मी त्यांच्याकडेच शिकलो. चौसाळ्यात हायवेलगत त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता आणि त्यात सागवानी पेटीचा, काळ्या कापडाचा मोठा कॅमेरा. मोबाइल आले तरी दादांनी पेटी सोडली नाही. त्या मापाची फिल्म मिळेना, तेव्हा ते एक्स-रेची फिल्म लाल दिव्यात कापून वापरू लागले. पेटीला दोन लेन्स होत्या. एक जुनी, पितळी, नळकांड्यासारखी; ती चेहऱ्यांसाठी. दुसरी काळी आणि बुटकी, संभाजीनगरच्या बंद पडलेल्या एका छापखान्यातून आणलेली. दर मार्गशीर्षात दादा धर्मापुरीला जायचे आणि देवळाच्या मूर्ती कोरलेल्या बाहेरच्या भिंतीचा, त्याच एका फरशीवर स्टँड लावून, ऊन भिंतीवर यायच्या जरा आधी, दोन्ही लेन्सनी एकेक फोटो काढायचे. घरी येऊन फिल्म धुवायची, भिंग लावून दोन्ही शेजारी शेजारी बघायच्या आणि वहीत लिहायचं. वहीत तीन रकाने होते : मध्य, कडा, दोष. काळी लेन्स कडेपर्यंत सारखी चालायची. पितळी लेन्स कडेला विरघळायची, पण मधोमध मूर्तीच्या बांगडीवरची नक्षी मोजता यावी इतकी स्वच्छ. माझा जीव पितळी लेन्सवर होता, ते त्यांना ठाऊक होतं. मग सुनावायचे, “लेन्सची बाजू घ्यायची न्हाई, दिलीप. दिसलं ते लिहायचं.”

अकरा वर्षांपूर्वी दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला गेले होते. पावसाळ्यात पितळी लेन्सच्या आत बुरशी धरली होती. ते येईपर्यंत ती साफ करून ठेवावी, त्यांना बरं वाटेल, म्हणून मी ती खोलली. मागच्या बाजूला दोन काचा असतात आणि मध्ये एक कडं. पुसून परत बसवताना त्यातली एक काच मी उलटी बसवली. मला ते कळलं नाही. वरून लेन्स लखलखीत दिसत होती आणि मी स्वतःवर खूश होतो.

दादा परत आले, डोळ्याची पट्टी सुटली, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचा चेहरा धुरकट आला. दुसऱ्याचाही. त्यांनी लेन्सवर संशय घेतला नाही. ती मी साफ केली होती, आणि मला काम त्यांनीच शिकवलं होतं. काळ्या लेन्सचे फोटो नीट येत होते, तेही त्यांनी स्वतःच्याच विरुद्ध लावलं : काळीचं तोंड बारीक, फोकस थोडा चुकला तरी झाकला जातो, पितळीला मात्र डोळा चांगला हवा. म्हणजे डोळाच गेला. त्या मार्गशीर्षात पितळी लेन्सपुढच्या दोषाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘डोळ्याचा’. त्यानंतर त्यांनी माणसाचा चेहरा काढला नाही. कोणी आलंच तर म्हणायचे, “दिलीपकडं जा, त्याची नजर चांगली हाय.” ती माणसं माझ्याकडे येत राहिली.

मला खरं कळलं ते दोन वर्षांनी. अगदी तशीच एक लेन्स दुसऱ्या एका फोटोवाल्याकडे उघडलेली पाहिली आणि काच कुठल्या बाजूने बसते ते दिसलं. त्याच दिवशी चौसाळ्याला जायला हवं होतं. गेलोही. चहा घेतला आणि परत आलो. पहिली चूक अजाणता झाली, असं मी म्हणू शकतो. पुढच्या नऊ वर्षांबद्दल मला तसं म्हणता येत नाही. दर मार्गशीर्षात मी त्यांच्यासोबत धर्मापुरीला जात होतो आणि त्या रकान्यात तोच शब्द पडताना बघत होतो.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला दादांना धाप लागायला लागली. एका दुपारी त्यांनी पेटी माझ्या नावाने काढून ठेवली आणि म्हणाले, काळी लेन्स ठेव, पितळी मोडीत घाल, माझ्यामागं कोण वापरणार... तेव्हा मला राहवलं नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं.

 दादा म्हणाले, “तवाच कावून सांगितलं न्हाई बे?”

  ते उठून खिडकीपर्यंत गेले, एक डोळा हाताने झाकला, बाहेरच्या दुकानाची पाटी वाचली, मग दुसरा झाकला. आणि आत हाक मारली, “अगं, माझा डोळा बरा हाय.”

सुमनवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बरा हाय तर या हिकडं, तांदूळ निवडा.”

त्यांनी खरंच तांदूळ निवडले, आणि निवडता निवडता मला दोन शिव्या हासडल्या. दोनच. मग ताट बाजूला सारून पितळी लेन्स माझ्यापुढे ठेवली. काच मी सुलटी केली, ते जवळ बसून बघत राहिले.

आठ दिवसांनी आम्ही धर्मापुरीला गेलो. या वेळी वहिनीही भाकरी बांधून आल्या. तीच फरशी, तीच वेळ. दादा काळ्या कापडाखाली शिरले ते लवकर बाहेर येईनात. घाबरून मी विचारलं, तर आतून आवाज आला, “थांब रे, बघू दे.” भिंतीचे दोन फोटो झाले. एक फिल्म उरली होती. त्यांनी पितळी लेन्स परत चढवली आणि वहिनींना पायरीवर बसवलं. “हालू नको. आता टोपी काढतो.” वहिनी म्हणाल्या, पदर तरी नीट करू द्या. दादांनी लेन्सवरची टोपी काढून तोंडाने दोन आकडे मोजले आणि ती परत लावली. अकरा वर्षांनंतरचा तो पहिला चेहरा.

घरी आलो तर हायपो संपला होता.

तेराव्यानंतर वहिनींनी त्या दिवशीच्या न धुतलेल्या फिल्मचे होल्डर माझ्या हातात दिले. दादांच्याच खोलीत, लाल दिव्यात, मी फिल्म धुतल्या. नंतर खिडकीशी धरून भिंग लावलं. मध्ये मूर्तीची बांगडी आली होती, नक्षीसकट. तिथे पितळी काळीच्या तोडीस तोड होती. कडेला मात्र नव्हती. कडा काळ्या लेन्सनेच जिंकल्या. पितळी सगळीकडे सरस, असं लिहावं, असं फार वाटलं. लिहिलं नाही. दिसलं तेच लिहिलं.

वहिनींच्या फोटोची मी प्रिंट काढली. कानामागची एक सुटलेली बट केसन् केस दिसते आणि डोळे असे, की आता काहीतरी बोलतील. वहिनींनी ती बराच वेळ हातात धरली. म्हणाल्या, “पदर नीट न्हाईच.” मग म्हणाल्या, “पुढच्या मार्गशीर्षात मी बी येते. टोपी तूच काढ.”

पेटी आता माझ्या स्टुडिओत, दारातून आल्याबरोबर दिसेल अशी आहे. पितळी लेन्स तिच्यावरच चढवलेली असते आणि वही खालच्या कप्प्यात. दादांच्या अक्षरातल्या, ‘डोळ्याचा’ लिहिलेल्या अकरा ओळींना मी हात लावलेला नाही. त्यांच्या समोर, समासात, प्रत्येक ओळीपुढे एवढंच लिहिलं आहे : ‘काच उलटी. बसवणारा दिलीप.’ अकरा वेळा. या वर्षीच्या ओळीत दोषाचा रकाना मात्र कोरा आहे.