पाटे काढणारे तायडे वकील

तायडे वकील भेटले की माणसाच्या आधी त्याच्या गाडीला भेटत. तुम्ही हात जोडून उभे असा, नाहीतर मोठ्या आजारातून उठून पहिल्यांदाच बाहेर पडलेले असा, ते तुमच्या शेजारून सरळ गाडीपाशी जात, पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकून अंगातलं सगळं वजन टाकत आणि पटकन हात काढून घेत. मग मान वाकडी करून गाडी किती डोलते ते पाहत. एकदा वर येऊन ती गप्प बसली तर म्हणत, "हं, ठीक हाय." दोनतीनदा हलली तर, "शॉकअप गेले तुये. काऊन असा फिरून राह्यला बे?" एवढं झाल्यावर मग, "घरी सगळे बरे?" माझ्या गाडीच्या नशिबी ते 'ठीक' कधी आलं नाही.

मी मेहकरच्या कोर्टात लिपिक, ते तिथलेच फौजदारी वकील. मूळचे जानेफळचे. पोरानं काळा कोट घालावा ही मजुरी करणाऱ्या वडिलांची हौस त्यांनी पुरी केली. कोटवाल्यानं बंद मोटारीतून ऐटीत यावं ही पुढची हौस मात्र पार धुळीला मिळवली, कारण त्यांच्याकडे सरकारी लिलावात घेतलेली कापडी छताची जुनी जीप होती आणि ते छत पावसाळ्याखेरीज चढवलेलं मी पाहिलं नाही. कोट सीटच्या मागे हुकाला टांगलेला असे. कोर्टाच्या आवारात तो झटकला की लोक बाजूला सरकत.

दर वर्षी सोयाबीन निघालं की जानेफळजवळच्या पडीक रानात आसपासची पोरं गाड्यांची शर्यत भरवतात. तिला ऑटोक्रॉस म्हणतात. गाड्या एकदम सुटत नाहीत. फक्कीनं आखलेल्या वाटेवरून एकेक गाडी सोडायची, मधले रबरी शंकू न पाडता वळसे घ्यायचे आणि कमी वेळात येईल त्यानं जिंकायचं. सगळे विशी-पंचविशीतले, त्यात पांढऱ्या मिशांचे हे एकटे. "वकीलसाहेब, निकाल लागू द्या!" असं पोरं ओरडायची. निकाल बहुतेक यांच्याविरुद्धच लागे. मग ते पडलेल्या शंकूपाशी उभे राहून, शंकू वाऱ्यानं पडला हे पोरांना पटवून देत बसत. खुनाच्या खटल्यातही त्यांना एवढं तळमळीनं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मला गाड्यांतलं ओ का ठो कळत नाही, पण त्यांच्या शेजारी बसून काही गोष्टी अंगात भिनल्या, अक्षरशः हाडांवाटे. असल्या जुन्या जीपला चाकांवर कमानपाटे असतात, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या. पाटे जास्त तेवढी गाडी ताठ. ताठ गाडी वळणावर कलत नाही, म्हणून वकीलसाहेबांनी नांदुऱ्याच्या रफिकभाईंकडून पाटे वाढवून घेतले होते, शॉकअप कडक बसवले होते, आणि डावं-उजवं चाक एकमेकांना जोडणारी एक जाड कांब खाली टाकली होती. मैदानात हे सगळं उत्तम असेलही, रस्त्यावर ती जीप म्हणजे शिक्षा होती. एकदा मी त्यांच्याबरोबर हिवरा आश्रमापर्यंत गेलो आणि उतरल्यावर माझे दात नीट जुळेनात.

"रस्ता काय म्हणते ते कळलं पायजे माणसाले," ते म्हणाले.

"कळलं," मी म्हटलं. "परत एसटीनं येतो."

हे सगळं असं हसण्यावारी चाललं होतं, ते सुनंदावहिनींची पाठ दुखायला लागेपर्यंत. वहिनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. फळ्यापाशी उभं राहून आणि वाकून वह्या तपासून पाठ धरते, असं त्या स्वतःच म्हणायच्या, आणि आम्हीही तेच धरून चाललो. तपासण्या झाल्या तेव्हा छातीत सुरू झालेला कॅन्सर मणक्यापर्यंत पोचलेला होता. अकोल्याला उपचार सुरू झाले. दर थोड्या दिवसांनी न्यायचं, आणायचं. हाडं ठिसूळ झालीत, हादरे बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी वकीलसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. मेहकर ते अकोला हा रस्ता ज्यानं पाहिला आहे त्याला या वाक्याचा अर्थ समजेल.

पहिल्यांदा ॲम्ब्युलन्समधून नेलं. पट्ट्यांनी बांधून, वर टिनाचं छत, फिनाइलचा वास. वहिनी पोचेस्तोवर ओकत होत्या. घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला. "मले डब्यात घालून नेऊ नका. जीपमधून न्या. वारा तरी लागंन."

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोर्टात आले नाहीत. ते नांदुऱ्याला रफिकभाईंकडे गेले होते आणि मला सोबत ओढून नेलं होतं. तिकडे कापसाच्या गाड्या भरतात. ज्याच्या त्याच्या ट्रकचं मागचं अंग बसलेलं, आणि प्रत्येकाची एकच मागणी, पाटा वाढवा. गाडीला काहीही होवो, आपल्याकडे औषध तेवढंच. वकीलसाहेब म्हणाले, "काढा."

रफिकभाईंना वाटलं, जुने काढून नवे घालायचे. "कितने डालू, वकीलसाब?"

"डालायचे नाईत. काढायचे. गाडी नरम पायजे. घरवाली बसते."

रफिकभाई हातातला हातोडा खाली ठेवून म्हणाले, "आजतक लोग पाटा डलवाने आये साहब. निकालने कोई नहीं आया." मग त्यांनी जास्त विचारलं नाही. पाटे काढले, उरलेले घासून पातळ केले, टोकांना रबर घातलं. चाकं जोडणारी कांबही काढली, कारण एका चाकाचा खड्डा ती दुसऱ्या चाकापर्यंत पोचवते. एवढं करूनही मोकळी जीप उडते म्हणून मागे सरकीची पोती टाकली. जीप खाली बसली, जड झाली.

वहिनी शेवटपर्यंत मास्तरीणच राहिल्या. प्रत्येक फेरीला गुण द्यायच्या. "मालेगावपर्यंत पास. पुढं ग्रेस मार्कावर." किंवा, "पातूरच्या घाटात नापास, वकीलसाहेब." की हे पुन्हा नांदुऱ्याला, शॉकअप बदल, रबर बदल, एक पोतं पुढे सरकव. रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्यांना आरोपींसारखा नावानिशी पाठ झाला. गतिरोधक आला की ते जीप जवळजवळ थांबवत, एक चाक चढवत, मग दुसरं, आणि तिरप्या डोळ्यांनी वहिनींच्या ओठांकडे बघत. पूर्वी ज्या माणसाच्या मागे बसायची आम्हाला भीती वाटायची, त्याला आता बैलगाड्या ओलांडून जात होत्या. एकदा वहिनींनी प्रथम श्रेणी दिली, तर त्या माणसानं कोर्टात पेढे वाटले. कुणी विचारलं, काय निमित्त? "पास झालो," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, पोरं बोलवायला आली. वकीलसाहेब नाही म्हणाले. मैदानाचे पाटे आणि कांब ओसरीत गंजत पडली होती. ते पुन्हा चढवायचे म्हणजे नांदुऱ्याची एक खेप, आणि उतरवायचे म्हणजे आणखी एक. शर्यत रविवारी, अकोल्याची तारीख सोमवारी. दवाखान्याच्या दिवसालाही ते तारीखच म्हणत.

वहिनींनी माझ्यादेखत त्यांना झापलं. "मी हाय अजून. तुम्ही आत्ताच विधुरासारखे काऊन बसून राह्यले? जा तिथं. मले पाह्यचं हाय."

"सुनंदा, पाटे नाईत तसे."

"मग हळू चालवा. कोनी शिक्षा देते का?"

ते गेले. वहिनी माझ्या गाडीत उशांवर बसून रानाच्या कडेला आल्या. अंगावर शाल, हातात वाटाण्याच्या शेंगांची पुडी. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहून मला बरं वाटलं. वकीलसाहेबांनी पोती उतरवली, सीटचा पट्टा बांधला आणि पहिली फेरी खरंच हळू काढली. पोरं हसली. "वकीलसाहेब, निकाल लागू द्या!" वहिनीसुद्धा खिडकीतून ओरडल्या, "लागू द्या!"

दुसऱ्या फेरीत त्यांनी लागू दिला. पहिली दोन वळणं सुंदर घेतली. तिसऱ्याला जीप कलली आणि कलतच राहिली. ती उलटतानाही घाईत नव्हती. धूळ बसली तेव्हा चाकं वर फिरत होती आणि वकीलसाहेब पट्ट्याला लोंबकळत होते. शर्यतीसाठी वर बसवलेल्या लोखंडी चौकटीमुळे डोकं वाचलं, उजव्या खांद्याचं हाड मोडलं. वहिनींच्या हातातली पुडी खाली पडली होती. "मीच पाठवलं," एवढं त्या म्हणाल्या.

खांदा बांधून आणल्यावर वकीलसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं की ब्रेकवरून पाय सटकला. वहिनींना तर शपथ घेतल्यासारखं सांगितलं. आम्ही दोघेच होतो तेव्हा मला म्हणाले, "दिलीपराव, पाय नाई सटकला. नरम पाट्यावर ते वळण घेताच येत नाई. मले मालूम होतं. पण हे तिले सांगितलं तर ती म्हणंल, मायासाठीच नरम केले होते. मग ती जीपमध्ये बसनार नाई." मी मान डोलावली. कोर्टात आयुष्य काढलं, पण इतकी सरळ मनानं दिलेली खोटी साक्ष मी ऐकली नव्हती.

बसण्याचा प्रश्न तसाही उरला नव्हता. जीप रानात आडवी, चालवणारा हात गळ्यात. सोमवारी वहिनींना मी माझ्या गाडीतून नेलं. उशा लावल्या, सावकाश चालवलं, खड्डे चुकवले. म्हणजे मला वाटलं की चुकवले. डोणगावच्या पुढे वहिनींनी माझ्या सीटची पाठ धरली. पातूरच्या घाटात त्या तोंडात पदर कोंबून रडत होत्या, आणि मी आरशात बघायचं थांबवलं. त्या दिवशी मला माझ्या गाडीचा इतका राग आला की ती तिथेच दरीत ढकलून द्यावीशी वाटली. येताना त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याईले सांगजा, झोपून गेली व्हती म्हणून."

वकीलसाहेब दारातच उभे होते. वहिनींना आत निजवलं आणि ते मला ओसरीत घेऊन आले.

"कशी गेली?"

"झोपल्या होत्या," मी म्हटलं.

"पातूरच्या घाटात तिसऱ्या वळणाले डांबर उखडलेलं हाय. तिथं झोपली होती?"

मी चपला पायात सरकवू लागलो.

"काय म्हणाली तिथं?"

"काही म्हणाल्या नाहीत."

"आवाज केला?"

या माणसासमोर भले भले पोलीस पाटील टिकले नाहीत, मी कसला टिकणार. मी खरं ते सांगितलं, पदरासकट. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. मग डाव्या हातानं माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, "जा घरी. दमले असाल."

त्यानंतर वहिनींना न्यायची वेळ एकदाच आली आणि तेव्हा त्यांना ॲम्ब्युलन्समधूनच नेलं, कारण आता बसवतच नव्हतं. त्या अकोल्यालाच गेल्या. त्यांची मुलगी नागपूरहून येऊन अंत्यविधीच्या तयारीसाठी पुढे मेहकरला गेली होती. परत येताना ॲम्ब्युलन्समध्ये मागे वहिनी, वकीलसाहेब आणि मी. वकीलसाहेबांचा उजवा हात अजून गळ्यात होता. ते बाकावर बसले नाहीत. खाली पत्र्यावर मांडी घातली आणि डावा हात वहिनींच्या मानेखाली सारला.

ड्रायव्हर तरुण होता, गाडी भरधाव हाकत होता. मी वकीलसाहेबांकडे पाहत बसलो. खड्डा यायच्या आधी ते वहिनींची मान किंचित उचलत आणि खड्डा गेला की परत टेकवत. रस्ता त्यांना दिसत नव्हता. त्याची गरजही नव्हती. घाट लागला तेव्हा त्यांचा हात अवघडून गेला होता. मी म्हटलं, साहेब, मी धरतो. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मग पुढची काच ठोकून म्हणाले, "हळू घे."

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. उद्धट नव्हता तो, समजावल्यासारखंच बोलला. "काका, आता हळू कायले? त्याईले आता काही होत नाई."

"तिले नाई होत," वकीलसाहेब म्हणाले. "मले होते."

ड्रायव्हरनं गिअर उतरवला. त्या वळणावर त्यानं आधी एक चाक खड्ड्यात सोडलं, मग दुसरं. वकीलसाहेबांनी मान उचलली, टेकवली. दुपारी निघालेले आम्ही मेहकरला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता, आणि तोवर त्यांनी तो हात काढला नव्हता.