हात ढिला सोडायचा

आमच्या घरात कुणाच्या शब्दावर विसंबायची पद्धत नव्हती. गवळ्याने दूध ताजं आहे म्हटलं की अम्मा नखावर थेंब घेऊन बघणार. शेजारणीने आपणहून ख्यालीखुशाली विचारली की ती गेल्यावर अम्मा म्हणणार, "हिचं काय काम असंल?" हा स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरला आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. आम्हाला भोळं समजून ज्यांनी ज्यांनी काही समजावून सांगितलं, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी काहीतरी पोटात ठेवलेलं होतंच.

पौडच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं. अब्बा पुण्याहून माल आणायचे आणि भरायचं काम अम्माचं. आजूबाजूच्या गावांत लग्न असो, सण असो, डोहाळजेवण असो, अम्मा डोक्यावर पाटी घेऊन जायची आणि थेट माजघरात जाऊन बसायची. बांगडीवालीला उंबऱ्यावर कुणी अडवत नाही. घरच्या जावयालाही जिथे बाहेर बसवायचे, तिथे अम्मा मांडी घालून चहा पीत असायची.

बांगड्या भरण्याची तिची एक रीत होती. समोरच्या बाईचा पंजा आपल्या हातात घ्यायचा, अंगठा तळव्यात दाबायचा, बोटांची मुळं जवळ आणायची आणि बोलत बोलत बांगडी सरकवायची. हात ढिला असेल तर घट्ट मापाचीसुद्धा जाते. हात ताठला की अडकते, आणि जोर केला तर वाढते. बांगडी फुटली असं आम्ही कधी म्हणत नाही. तर अम्माला जे काही विचारायचं असेल ते ती नेमकं बांगडी अंगठ्याखालच्या हाडावर आली की विचारायची. "तोंड काय बी बोलंल," ती म्हणायची, "हात खोटं बोलला की लगीच ताठतो." सुनेला सासर कसं आहे, कुणाचं कुणाशी बिनसलं आहे, सगळं तिला असं कळायचं. मी लहानपणापासून तेच बघत आले. माझी धाकटी बहीणही.

धाकटी नुकती चालायला लागली होती, आणि एका तापात तिचा उजवा पाय गेला. पोलिओ हा शब्द आम्ही पुष्कळ नंतर ऐकला. तेव्हा कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं सुई चुकीच्या जागी बसली. ती दिवसभर दुकानात फळीखाली असायची, हातांवर जोर देऊन घसटत सरकायची. गिऱ्हाईक बायका ती जोडव्यांवरून ओळखायची. वरून चेहरा दिसायच्या आधीच खालून आवाज यायचा, "भरे गावची काकू आली." बायका हसायच्या, वाकून तिच्या गालाला हात लावायच्या. अम्मा हसायची नाही. पोरीनं दोन पायांवर उभं राहावं, एवढं एकच मागणं आमच्या घरात होतं.

मग जीप आली. नसबंदीचे दिवस सरून फार काळ झाला नव्हता. त्या दिवसांत जीप दिसली की बापे डोंगराची वाट धरायचे, आमच्या अब्बांनीही एकदा भाताच्या पेंढ्यांत लपून रात्र काढली होती. त्यामुळे बाजाराच्या दिवशी शाळेपुढे जीप उभी राहिली आणि भोंग्यावरून "अपंग मुलांना घेऊन या" असं सुरू झालं, तसा निम्मा बाजार रिकामा झाला. "बाप्यांचं झालं, आता पोरांवर आलेत," कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला आणि त्याने दुकानाची फळी लावून घेतली.

जीपमधून एक बाई उतरली. चष्मेवाली, सडपातळ, मनगटात फक्त घड्याळ. शाळेत कुणी येईना म्हणून ती स्वतःच बाजारात फिरत आमच्या दुकानाशी आली. वाकून फळीखाली बघत म्हणाली, "हिला कॅलिपर बसवता येईल. चालेल ही. तुम्हाला काही खर्च नाही, आमच्या संस्थेला त्यासाठी अनुदान आहे."

फुकट म्हटल्यावर अम्माचे डोळे बारीक झाले. "बसा बाई," ती म्हणाली. "बांगड्या भरून घ्या, मंग बोलू."

बाईला वाटलं पाहुणचार आहे. तिने हात पुढे केला. पहिली बांगडी हाडावर आली आणि अम्माने सुरुवात केली. जीप कुणाची? पोरीला काय टोचणार का? कापाकापी हाय का? बाई उत्तरं देत गेली, बांगड्या जात गेल्या. शेवटी अम्माने विचारलं, "आन् तुमाला ह्याच्यात काय भेटतं?"

"पगार," बाई म्हणाली आणि हसली. "तोही उशिरा."

बांगडी सर्रकन गेली. बाई गेल्यावर अम्मा अब्बांना म्हणाली, "खरी हाय. नेऊ पोरीला."

कॅलिपर म्हणजे बुटाला जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, मांडीपर्यंत चामडी पट्टे आणि गुडघ्याशी एक खिट्टी. उभं राहताना खिट्टी पाडायची, बसताना उचलायची. धाकटी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती रडली, कारण तिला एवढ्या उंचावरून बघायची सवय नव्हती. अम्मा दुकानाच्या मागे जाऊन रडली. मी बघितलं. महिन्याभरात धाकटी बाजारातून खटखट वाजवत जायला लागली आणि बायकांना तोंडावरून ओळखायला लागली. बांगडीवाल्या भाभीने, म्हणजे अम्माने, स्वतःची पोर नेली म्हटल्यावर इतरांनाही धीर आला. भऱ्याहून, पार ताम्हिणीच्या अंगाकडून लोक पोरांना खांद्यावर घेऊन यायला लागले. जीप ठरल्या बाजाराला यायची, बाई पट्टे तपासायची, पाय वाढला की पट्टी बदलून आणायची. मला मात्र सारखं वाटायचं, एवढं सरळ कसं काय चाललंय?

आणि शंका खरी ठरली. एका बाजाराला बाई आली ती एस.टी.ने. जीप नाही, अवजारांची पेटी नाही. दुकानात बसून तिने सांगितलं, अनुदानाचे नियम बदलले. गावात येऊन काम करण्यासाठी आता पैसे मिळणार नाहीत. जी मुलं पुण्याच्या वसतिगृहात राहतील त्यांच्यापुरतेच मिळतील. कॅलिपर, शाळा, जेवण सगळं तिथे. "पाठवा तिला," बाई म्हणाली. "घरी ठेवलीत तर पुढचा कॅलिपर मी कुठून आणू?"

कुठेतरी पाणी मुरत होतं. काल घरी येऊन देणारे आज पोर मागत होते. अम्माने बाईचा हात ओढून घेतला आणि हिरवी बांगडी चढवायला घेतली.

"मला पायजे तवा पोरीला बघाय येता यील ना?"

"हो, येईल ना," बाई म्हणाली.

बांगडी कडकन वाढली. बाईच्या मनगटावर रक्ताची रेघ उठली. अम्माने पदराने ती पुसली, हळद लावली, पाणी दिलं, आणि बाई बाहेर पडल्यावर म्हणाली, "पोर जायची न्हाई." चार दिवसांत ही गोष्ट खोऱ्यात पसरली. एका घरानेही मूल पाठवलं नाही. न्हाव्याने तर शपथेवर सांगितलं की पोरांचं रक्त काढून विकतात.

मी तेव्हा आठवीत होते आणि माझा संशय दुसरीकडेच वळला होता. धाकटी दुकानात उभी असली की गिऱ्हाईक हात हलवत परत जात नसे. पोरीच्या पायाकडे बघून बायका एकाऐवजी दोन डझन भरायच्या. अम्माला बाईची शंका येते, मग मला अम्माची का येऊ नये? एकदा रागाच्या भरात मी तोंडावर म्हटलं, "तुला ती दुकानात पायजे म्हणून ठेवलीस." अम्माने माझ्या थोबाडीत दिली. मारलं म्हणून माझा संशय गेला नाही, उलट वाढला.

पावसाळा संपता संपता धाकटीचा पाय कॅलिपरपेक्षा लांब झाला. खिट्टी गुडघ्याच्या खाली यायला लागली, पट्टे काचून मांडीला जखमा झाल्या. अब्बांनी पिरंगुटच्या लोहाराकडून पट्ट्यांना तुकडे जोडून आणले. ते चौथ्या दिवशी वाकले आणि ती बाजारात सगळ्यांसमोर पडली. तिने कॅलिपर काढून ठेवला. आता बरी आहे मी, अशीच बसते, म्हणाली.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अम्मा बांगड्यांचे तोडे बांधत होती, मी आरसा पुसत होते. धाकटीच्या हातून एक बांगडी घरंगळत फळीखाली गेली. तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही असं समजून हातांवर जोर दिला आणि पूर्वीसारखी घसटत फळीखाली शिरली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग खालूनच तिचा आवाज आला, "ताम्हिणीवाली मावशी येतीया." समोरून खरंच ती मावशी येत होती. अम्माने हातातला तोडा खाली ठेवला. त्या बाईला तिने बांगड्या भरल्या, पण बांगडी हाडावर आली तरी काही विचारलं नाही. संध्याकाळी अब्बांना म्हणाली, "उद्या पोरीला सोडून या." दुकानाबद्दलचा माझा संशय त्या दिवशी संपला. अम्माबद्दलचा तेवढा एकच संपला.

धाकटीला सोडायला अब्बा गेले. पुढच्याच आठवड्यात अम्मा मला घेऊन पुण्याला निघाली. वसतिगृहाच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं. भेटायचा दिवस महिन्यातून एक, शेवटचा रविवार.

"बाई म्हणल्या हुत्या, पायजे तवा या."

"कोण बाई? त्या चष्मेवाल्या? त्या नोकरी सोडून गेल्या."

अम्मा माझ्याकडे वळली. एवढ्या संतापातही तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान होतं. "वाढली हुती का न्हाई बांगडी?" ती म्हणाली. मग तिने कुंपणाच्या सावलीत फतकल मारली, पाटी उतरवली आणि हाळी दिली, "बांगड्याऽऽ!"

आधी स्वयंपाकघरातल्या बायका आल्या. मग मुलींना सांभाळणाऱ्या आया. रखवालदाराच्या बायकोला तिने चांगल्यातल्या बांगड्या भरल्या आणि पैसे घ्यायचं विसरली. त्यापुढच्या खेपेला आतून निरोप आला की वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनी बोलावलंय, मुलींनाही सणासाठी बांगड्या भरायच्या आहेत. फाटक उघडलं. आई म्हणून जिथे मज्जाव होता तिथे बांगडीवाली म्हणून अम्मा सरळ आतल्या व्हरांड्यात जाऊन बसली.

मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यात धाकटी, नव्या कॅलिपरवर ताठ उभी. तिने आम्हाला बघितलं. माझ्या तोंडून तिचं नाव निघणार होतं, पण तिने मान हलवली, अगदी थोडी. तिचा नंबर आला तेव्हा खिट्टी उचलून ती खाली बसली आणि इतर मुलींसारखाच हात पुढे केला.

"पोटभर जेवाय घालत्यात का गं, पोरी?" अम्माने अनोळखी माणसासारखं विचारलं. बांगडी हाडावर होती.

"व्हय."

"कोन हात उचलतं का?"

"न्हाई."

"चालाय यतं ना चांगलं?"

"व्हय. लई चांगलं."

सगळ्या बांगड्या अलगद गेल्या. परतीच्या एस.टी.त अम्मा कितीतरी दिवसांनी हसली. "हात लोण्यावानी हुता तिचा," म्हणाली. जगात कशावर विश्वास नसला तरी त्या रीतीवर माझाही होता. त्या रात्री आम्ही दोघी गाढ झोपलो. धाकटी वसतिगृहात दहावीपर्यंत राहिली, आणि अम्मा पाटी घेऊन जात राहिली.

तिच्या लग्नात हिरवा चुडा अम्मानेच भरला. मुलगा घड्याळं दुरुस्त करणारा, शांत, आमच्या मते जरा जास्तच शांत. शेवटची बांगडी हाडावर आल्यावर अम्माने विचारलं, "मनासारखं हाय ना सगळं?"

"व्हय, अम्मा." बांगडी गेली. अम्मा समाधानाने उठून बाहेरच्या बायकांत गेली.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. धाकटी चुड्याकडे बघत होती. "आपा," ती म्हणाली, "वसतिगृहात दिवे लागले की आमचे कॅलिपर काढून घ्यायचे आणि कपाटात कुलपात ठेवायचे. पोरी पळून जाऊ नयेत म्हणून. मग सकाळपर्यंत आम्ही सगळ्या रांगायचो. संडासलासुद्धा."

मी म्हणाले, "अम्मानं विचारलं हुतं की तुला. हातात हात घेऊन विचारलं हुतं."

"फळीखाली बसून मी दुसरं काय बघत हुते? हात ढिला सोडायचा, की झालं. ताठला असता तर तिनं तिथनंच मला उचलून आणलं असतं. मग दिवसाचं चालणंबी गेलं असतं."

बाहेर बायका अम्माची थट्टा करत होत्या, अम्मा मोठ्याने हसत होती.

"आणि आत्ता?" मी विचारलं. "आत्ता खरं बोललीस का?"

ती हसली आणि तिने आपला हात माझ्या हातात दिला. मी तिचा तळवा दाबून बघितला. हात अगदी ढिला होता.