मास्तरची अर्धी कविता

घ्या पैज! ह्या गोष्टीच्या शेवटाला काय झालं हे तुमच्यातल्या एकानं जरी बराबर वळखलं, तर मी माझी उजवी मिशी उतरवून देतो. डावी ठेवतो, गावात हिंडायला कायतरी पायजे!

किस्से म्हंजी कसं हाय, गोठ्यातलं शेन. सकाळी पाट्या भरून टाका, दुसऱ्या सकाळी पुन्यांदा तेवढंच. आमी चौघं आमच्या हट्टा गावच्या शिवाराभायेर पडलो की एक तरी किस्सा घेऊनच वापस येतो. अन् दर खेपेला नाव कोनाचं? माझं! "किसन्यानंच केलं असंल." अरे, काहून? लोकं डोळे मिटून चालनार, खड्ड्यात पडनार, अन् शिव्या मला!

चौघं कोन ते ऐका. एक दत्तू मास्तर. सरकारी शाळेत सारं उर्दूत, म्हनून हा आपल्या वट्ट्यावर पोरांला मराठी शिकवतो. दुसरा मुंजाजी पैलवान. दारातून आत येतानी आडवा व्हतो, एवढा रुंद. बोलनं कमी, खानं जास्त. तिसरा तांड्यावरचा रामधन नाईक, त्याचे बैल, त्याचाच छकडा. चौथा मी. मला सहीपुरतं लिहिता येतं, अन् तेबी 'कि' काढून झाला की 'सन' काढायच्या आधी दम खावा लागतो.

ह्या मास्तरनं जन्मात एक कविता केली. आमच्या गावच्या बारवेवर. लई लांब. त्याचं एकच म्हननं, "एकदा, फकस्त एकदा, लोकाम्होरं उभं राहून पहिल्यापासून शेवटापोतर म्हनायची!" आमी म्हणलं, आमाला तरी ऐकव. तर म्हने, "न्हाई. लोकाम्होरंच."

बस, ह्या एका पायी आमी गावोगाव हिंडलो. कविता काय पुरी व्हईना!

*

पहिली खेप हिंगोलीकडल्या गोरेगावची. तिथल्या एका शेटजीनं नवं दुकान काढलं, मुहूर्ताला मास्तरला कविता म्हनायला बोलावलं. मास्तरनं धुतलेलं धोतर नेसलं. आमी मोटारीत बसलो.

आता मोटार म्हंजी ती तरी कसली! लढाई संपली म्हनतेत, पन पेट्रोल काय आलं न्हाई. मोटार कोळशावर. मागं ही एवढी भट्टी, क्लिनर भाता फिरवून राहिला, अन् मोटार खोकून राहिली. चढ आला की डायवर वरडतो, "उतरा!" उतरायचं. "ढकला!" ढकलायचं. टिकीट बसायचं घेतलं का ढकलायचं, हे एकानं तर इचारावं? मी इचारलं. डायवर म्हने, "ढकलायचं टिकीट येगळं न्हाई, बाबा. मेहेरबानी समजा."

मेहेरबानी! माझं डोस्कंच फिरलं.

एका चढावर मोटार निजलीच. क्लिनर म्हने कोळसा पेटायला टायम लागंल. सारी मानसं झाडाखाली. मी मास्तरला म्हणलं, "मास्तर, लोकं हायेत, पळून जायला जागा न्हाई. म्हना!"

मास्तरनं डोळे मिटले अन् सुरू केलं. बारवेच्या पायऱ्या, पायऱ्यावरलं शेवाळ, पान्यातले कासव. लोकं ऐकून राहिले, खरंच! अर्ध्यावर आला, अन् मोटारीनं ढेकर दिला. डायवर बोंबलला, "चालू झाली! थांबवली तर पुन्यांदा मरंल! पळा!"

जो तो पळत सुटला. मुंजाजीनं दोन म्हाताऱ्या बगलेत घेऊन आत फेकल्या. मीबी लोंबकळलो. मागं बघतो तर मास्तर झाडाखाली, डोळे मिटून, हात वर करून, एकलाच म्हनून राहिला!

गोरेगावला पोचला तव्हा मुहूर्त होऊन गेलता, जेवनं उठली व्हती. गावात वापस आलो तं पोरायनं नाव पाडलं, 'अर्धा मास्तर'. रस्त्यानं निघाला की, "अर्धा आला, अर्धा आला!" शिकायला येनारी पोरंबी कमी झाली. बाप म्हनू लागले, अर्ध्याकडं पोराला काय शिकाया धाडावं?

अन् मास्तरची बायको मला म्हनती, "किसनभावजी, तुमीच त्यायला म्हनायला लावलं." घ्या!

*

दुसरी खेप शंकरपटाची, बैलाच्या शर्यतीची. रामधननं जोडी उतरवली व्हती. काय बैल! सालभर त्यायला त्यानं सरकी चारली, सोता शिळं खाल्लं. पटावर ही एवढी गर्दी. मास्तरचे डोळे चमकले. पंचाला मस्का मी लावला, "शर्यतीच्या आधी मास्तर दोन शब्द म्हनंल." पंच म्हने, "म्हनू द्या. तवर जोड्या लागतेत."

मास्तर मचानावर चढला. रामधन म्हने, "तुझं व्हईपोतर बैलाला पानी दावतो." पहिली जोडी सुटायच्या रेघंवर उभी, दुसरी उभी, रामधनची बादलीवर.

मास्तर रंगात आला. अर्ध्यावर बारवेच्या वर ढग येतेत. ते ढग दावायला मास्तरनं खांद्यावरचं पांढरं उपरनं काढलं, वर नेलं, अन् असं झपकन खाली आनलं.

आता मला सांगा, पटावर पांढरं फडकं खाली आलं की काय व्हतं?

सुटल्या ना जोड्या! हाकनारे वरडले, लोकं वरडले, धुरळा, शेपट्या. रामधन एका हातात बादली घेऊन मागं पळून राहिला, "अय्! अय्! थांबा!" ढग तिथंच राहिले, कविता तिथंच राहिली.

मी पंचाशी लई भांडलो. म्हणलं, "ती झेंडी न्हवती, कविता व्हती!"

पंच म्हने, "फडकं खाली आलं, बैल पळाले. कविता बैलाला सांगा."

असा न्याव! सालभर सरकी चारलेला बैल पानी पिऊन घरी आला. रामधन मास्तरशी महिनाभर बोलला न्हाई. माझ्याशी दोन महिने.

*

तिसरी खेप हिंगोलीची. तिथं शिकलेल्या लोकायची बैठक. कवी म्हनू नका, लेखक म्हनू नका, सारे चष्मेवाले. अध्यक्ष यायचा तो तापानं पडला. सेक्रेटरीनं सगळीकडं नजर फिरवली, अन् सगळ्यात मोठा फेटा माझा! मला उचलून खुर्चीवर बसवलं. मी काहून न्हाई म्हनू? माझ्या म्होरं पितळेची घंटी ठेवली. म्हने, "वेळ झाली की वाजवा."

घड्याळ मला समजत न्हाई. मंग मी काय केलं, जांभई आली की वाजवली. लई बराबर चाललं! एकाला तर खाकरतानीच बसवला. लोकं खूस. एक जन म्हने, "असा अध्यक्ष पाह्यला न्हाई."

मंग उठला सेक्रेटरीचा जावई. ह्यानं लावलं गुऱ्हाळ. मी घंटी वाजवली. त्यानं पान उलटलं. मी जोरात वाजवली. सेक्रेटरी माझ्या कानात म्हने, "राहू द्या हो, पाव्हने हायेत." मी उभा राहून दोन्ही हातानं वाजवली, देवळात वाजवतेत तशी! तरी गडी चालूच. पानी पिला, पुन्यांदा चालू.

मास्तर उठला तव्हा दिवा लावायची वेळ. मी घंटीचा लोळा चिमटीत धरून बसलो, चुकून वाजू नये म्हनून. मास्तर म्हनतो, मी धरतो. अर्ध्यावर आला. ढग आले. ढग फिरले. म्हणलं, आता पुरी व्हते!

सेक्रेटरीनं टाळ्या वाजवल्या. "फार सुंदर! वेळेअभावी इथंच थांबू." लोकायनंबी वाजवल्या, अन् उठले.

वेळेअभावी! जावयानं सारा दिवस खाल्ला, तव्हा वेळ न्हवती का? मी घंटी फेट्यात बांधून घरी आनली. हाय अजून. म्हशीच्या गळ्यात.

*

त्या दिसापासून मास्तरनं नादच सोडला. बोलंना, हसंना. वट्ट्यावर बसला तरी पोरं लांबून, "अर्धा, अर्धा!" बायको मला म्हनली, "भावजी, मानूस मिटून गेलं. तुमीच हिंडवलं, तुमीच काय ते बघा."

म्हणलं बघतो. वसमतला एका आडत्याचं हळदीचं मोठं आवार रिकामं व्हतं. कवी गोळा करायचे, लोकं बोलवायचे, मास्तरला पहिला नंबर द्यायचा. पन चार मानसं जमवायची तं इजाजत लागते. अमीनसाबाकडं गेलो, म्हंजी फौजदाराकडं. मी म्हणलं, "साब, कवी जमायलेत." साब म्हने, "क्या बोलेंगे, पहले सुनाव." कवी काय बोलनार हे कवीलाच ठाऊक न्हसतं, मी काय सांगू? "नक्को," म्हने. "इजाजत नक्को. भागो."

मानूस मिटून राहिलं अन् म्हने भागो!

तसाच दरवाज्यापोतर गेलो, अन् वापस फिरलो. "साब, कुस्त्या लावल्या तं?"

साब खूस. "हौ! कुस्त्यां लगाव. मेरा जवान आयेगा, देखेगा."

कवी जमले. चष्मे, उपरनी, वह्या. लोकंबी दाटून आले. मास्तर येत न्हवता, मुंजाजीनं त्याला खांद्यावर टाकून छकड्यात घातला, अन् आवारात आनून ठेवला. मास्तर उभा राहिला, "बारव माझ्या गावाची" म्हणलं, अन् दारात जवान!

"कुस्त्यां कहां हैं जी? ये चष्मेवाले कायकू बैठें?"

 एक कवी धोतर सावरून मागच्या भिंतीवरून गेला. मी उठलो. म्हणलं, "साब, हेच पैलवान. ऐनकवाले. पहिली जोड तय्यार हाय." अन् बोट दावलं, मास्तर अन् मुंजाजी.

मास्तर म्हने, "किसन्या, हाडं गोळा करायला पोतं आनलं का?"

मी त्याच्या कानात म्हणलं, "मास्तर, पाठ टेकस्तोर कुस्ती चालती. पैलवान तुझी पाठ टेकू देत न्हाई. मधी थांबवायला कोनाचा बाप येत न्हाई. म्हन!"

मास्तरनं धोतराचा काचा मारला. अंगात काडीभर मांस. मुंजाजीनं त्याला असं धरलं, जसं बाई तान्हं लेकरू न्हायाला धरती. घेतला उचलून, फिरवला, वाकवला, पाठ काय टेकू दिली न्हाई. अन् मास्तर लोंबकळून म्हनून राहिला! पायऱ्या, शेवाळ, कासव. त्या आवारात सालोसालची हळद मुरलेली. उडाली की! दोघायची तोंडं पिवळीजर्द.

जवान म्हने, "ये दुबला क्या बडबडरा?"

म्हणलं, "गाल्या देऊन राहिला, साब. आमच्याकडं रीतच हाय."

"हौ? लंबी गाली है."

अर्ध्यावर आला. ढग आले, ढग फिरले. त्याच्या म्होरलं कोनीच ऐकलं न्हवतं. मीबी न्हाई. म्होरं बारवेवर एक बाई येती. लोकाचं पानी भरती. दिस उगायच्या आधी येती, काठावर लेकरू बसवती.

*साऱ्या गावाच्या घागरी*
*हिनं काठोकाठ केल्या*
*आपल्याच लेकराला*
*दोन ओंजळीच नेल्या*

मुंजाजीची माय लोकाचं पानी भरायची. हे हट्ट्यात कोनाला ठाऊक न्हाई?

मुंजाजी फिरायचा थांबला. मास्तरला धरून तसाच उभा.  मास्तर शेवटापोतर गेला. शेवटची ओळ झाली, अन् त्यानं डोळे उघडले. पुरी!

लोकं उठून टाळ्या वाजवायच्या आतच जवान वरडला, "अरे, जीता कौन? साब पूछेंगे!"

आता ऐका. मुंजाजीची पाठ ह्या मुलखात कोन्याच फडात टेकली न्हवती. परभनीचे आले, वाशीमचे आले, टेकली न्हाई. मास्तरला निस्तं खाली ठेवायचं व्हतं. फुक मारली असती तरी गडी चीत. मास्तरबी म्हने, "ठेव बाबा खाली, माझं झालं."

मुंजाजीनं मास्तरला छातीवर घेतलं, अन् सोता मागं पडला. धप्पदिशी. दोन्ही खांदे जमिनीला.

जवानानं त्याला उठवून पाठ पाह्यली. मानंपासून कंबरंपोतर पिवळी. "दुबला जीता!" म्हनून तो हासत गेला.

मी म्हणलं, "पैलवान, काहून?" मुंजाजी म्हने, "चला, बैल जुपा."

आता मास्तरला कोनी अर्धा म्हनत न्हाई. वट्टा भरलाय पोरायनं.

अन् परवा जत्रंचा फड व्हता. मुंजाजी मोठ्या जोडीच्या पैलवानात जाऊन बसला, नेहमीच्या जागंवर. पंच आला. म्हने, "पैलवान, उठा तिथून. हट्ट्याच्या मास्तरानं चीत केलेल्या गड्याला इथं कोन जोड देनार?" मी पंचाचं गचुरं धरलं! मुंजाजीनंच माझा हात सोडवला. लंगोट कसला, अन् रेवड्यायच्या बक्षिसावर कुस्त्या खेळनाऱ्या लेकरांच्या रांगीत जाऊन बसला.